गाडीचे ब्रेक पॅड एकसारखे झिजत नसतील तर

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटाने रत्नागिरीकडे पावसाळाभर ये-जा केलेल्या गाडीचे पुढचे चाक उघडले, की पुष्कळदा एक विसंगती दिसते. बाहेरचा पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असतो आणि त्याच कॅलिपरमधला (दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला) आतला पॅड मात्र लोखंडी पाठीपर्यंत झिजलेला असतो. माझ्या गाडीचे असेच झाले होते. गॅरेजमध्ये जुने पॅड भंगारात टाकून नवे बसवले गेले आणि वर्ष उलटण्याआधी आतला पॅड पुन्हा संपला. तेव्हापासून मी जुने पॅड गॅरेजवाल्याकडून मागून घेतो. बिघाड नेमका कोठे आहे हे त्यांच्या झिजेवरूनच कळते आणि तो पुरावा टाकून दिला की उरतो तो केवळ अंदाज.

बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर दोन गाईड पिनांवरून सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर आणतो. पाय काढल्यावर पिस्टनभोवतीचे रबरी सील त्याला किंचित मागे खेचते. या सरकण्यात कोठेही अडथळा आला, की झीज वाकडी होते.

पॅड मोजताना लोखंडी पाठ सोडून फक्त घर्षणाचा थर मोजावा. नव्या पॅडवर तो साधारण 10 ते 12 मिमी असतो आणि 3 मिमी उरला की पॅड बदलावा. आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये एखाद्या मिलिमीटरचा फरक असेल तर चिंता नको. दोन-तीन मिलिमीटर असेल तर कारण शोधलेच पाहिजे. चाकाच्या फटीतून डोकावून पॅड पाहण्याची अनेकांना सवय असते, पण तेथून बहुधा बाहेरचाच पॅड दिसतो आणि संपत आलेला असतो तो आतला.

आतला पॅड जास्त झिजला असेल तर पिस्टन मागे येत नाही किंवा पिना जाम आहेत, असे समजावे. बाहेरचा जास्त झिजला असेल तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही, म्हणजे संशय पुन्हा पिनांवरच येतो. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर दोनपैकी एकच पिन अडकलेली असते किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत गंजाने धरलेले असतात. डाव्या चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि उजव्याचे शाबूत राहिले, तर पिस्टनबरोबर ब्रेकचा रबरी होजही (ऑइलची नळी) तपासावा. तो आतून सुजला की ऑइल दाबाने पुढे जाते, पण परत येत नाही.

होजची परीक्षा सोपी आहे. चाक उचलून ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडावा. त्यानंतरही चाक घट्ट राहिले तर कॅलिपरचा ब्लीडर निपल (ऑइल व हवा बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावा. ऑइलचा थेंब येऊन चाक मोकळे झाले, तर दाब मागे अडकला आहे, म्हणजे दोष होजमध्ये किंवा त्याच्या आधी, पेडलकडच्या बाजूला आहे. चाक तसेच घट्ट राहिले, तर पिस्टन किंवा पिन जाम आहे. निपल उघडल्यामुळे नंतर हवा काढावी लागते, हे लक्षात ठेवावे.

काम सपाट जागेवर करावे. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी आणि ब्रेकची धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलावा. तो पूर्ण सोडवला तर तारेने बांधून ठेवावा, होजवर लोंबकळू देऊ नये.

आता पिना पाहाव्यात, कारण खरी मेहनत येथेच आहे. चांगली पिन बोटांनी फिरते आणि ओढली की सहज बाहेर येते. माझी एक पिन पान्याने फिरवत-फिरवत काढावी लागली. तिच्या रबरी बुटाला बारीक चीर होती, त्यातून पाणी आत शिरले होते आणि ग्रीस गुळाच्या काहिलीच्या काठावर वाळलेल्या काकवीसारखे तपकिरी व चिकट झाले होते. अशी पिन व तिचे भोक जुने ग्रीस पूर्ण निघेपर्यंत साफ करावे. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर ती घासत बसू नये, बुटासह नवी घ्यावी. ग्रीस ब्रेकसाठीचे सिलिकॉनचेच वापरावे. साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. अनेक गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, म्हणून त्यांची अदलाबदल करू नये. ब्रॅकेटच्या खाचा तारेच्या ब्रशने घासून पत्र्याच्या क्लिपा नव्या बसवाव्यात.

पिस्टन जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने सावकाश मागे दाबावा. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या टाकीतील ऑइल वर चढते आणि गाडीच्या रंगावर सांडले तर रंग खराब करते, म्हणून आधी थोडे काढून घ्यावे. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. तेथे नुसता जोर लावू नये. पिस्टन दबतच नसेल किंवा त्याच्या बुटाखाली गंज असेल, तर सील संच किंवा नवा कॅलिपर लागेल.

डिस्कवर खोल रेषा असतील तर ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर साफ करून मिळते, मात्र डिस्कवर नोंदलेल्या किमान जाडीच्या खाली ती जाता कामा नये. पॅड नेहमी एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, त्यामुळे ते दोन वर्षांनी बदललेले बरे. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच भरावे.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करावे. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किमीच्या आसपास वेग धरून आठ-दहा वेळा मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, ब्रेक लावावा. गाडी थंड झाल्यावर पुन्हा चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्यावा. एका चाकाची धग स्पष्टपणे जास्त असेल, तर त्या बाजूची पिन पुन्हा काढून पाहावी.