तबला-पेटी शिकणाऱ्या मुलांचा रियाज घरी कसा टिकवावा

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपुरातल्या तबला-पेटीच्या वर्गांत नवी मुले येतात आणि जूनच्या अखेरीस शाळा उघडल्या की त्यांतली बरीचशी हळूहळू दिसेनाशी होतात. ‘त्याला आवडच नव्हती’ असे पालक म्हणतात. पण मुलगा घरी वाजवायला बसे तेव्हा नेमके काय करत असे, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. वाद्य वर्गात कळते, हातात मात्र बसते ते घरच्या रियाजाने, आणि त्या रियाजाची घडी बसवून देणे हे काम स्वतःला सुराचा गंध नसला तरी आईवडिलांना करता येते.

वाद्य घेताना गुरुजींना सोबत न्यावे. तबल्याचे तोंड जितके रुंद तितका त्याचा स्वर खालचा लागतो, त्यामुळे वर्गातली पेटी काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, असेल आणि घरचा तबला भलत्याच पट्टीत लागत असेल, तर मुलाच्या कानाला दोन ठिकाणी दोन वेगळे नाद ऐकू येतात. खेळण्यातला छोटा तबला तर मुळीच घेऊ नये. त्यावर बोट योग्य जागी ठेवण्याची सवयच लागत नाही. घरी आणलेले वाद्य कपाटावर न ठेवता बैठकीच्या कोपऱ्यात, चुंबळीवर, खोळ घालून ठेवावे. दरवेळी कुणाला तरी हाक मारून ते खाली काढून घ्यावे लागत असेल, तर मूल आठवड्यातून दोनदाच बसेल.

आपल्याकडच्या हवेचा विचार इथे वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो तेव्हा पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचे कातडे, कोरडी पडून ताणली जाते आणि तबला चढतो. उलट कूलरची ओली हवा थेट अंगावर आली की तीच पुडी सैल होऊन स्वर उतरतो. पावसाळ्यातही उतरतोच. म्हणून वाद्य कूलरच्या झोतासमोर ठेवू नये आणि वर्गाला नेताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर कधीच सोडू नये. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या गोफावर, वरून हलके ठोकले की स्वर चढतो आणि खालून ठोकले की उतरतो, एवढे गुरुजींकडून पालकांनीही शिकून घ्यावे. बेसूर तबल्यावर रोज बसणाऱ्या मुलाला कंटाळा येतो, तो कशाचा हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

आता मुख्य गोष्ट, रियाज. सात-आठ वर्षांच्या मुलाला रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात, मात्र ती रोज हवीत; रविवारी एकदम दोन तास बसवून आठवडा भरून निघत नाही. घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला वेळ बांधावी, जसे की संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की तबल्यावर बसायचे. बसल्यावर बहुतेक मुले कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची (धा, तिट अशा अक्षरांची) बांधलेली रचना, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतात, अडखळतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. यात जे येते त्याचाच सराव होतो आणि जे येत नाही ते तसेच राहते. त्याऐवजी अडलेल्या चारच मात्रा (तालाचे ठोके) वेगळ्या काढाव्यात, चूक होणार नाही इतक्या ठाय, म्हणजे संथ, लयीत वाजवाव्यात, त्या सलग तीनदा स्वच्छ आल्या की लय किंचित वाढवावी, आणि मगच त्यांच्या मागचे-पुढचे बोल जोडावेत.

वाजवण्याआधी बोल तोंडाने म्हणवून घ्यावेत. तीनतालाच्या 16 मात्रांपैकी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्यावर खाली (टाळी न देता हात उघडा दाखवणे), एवढे आई किंवा बाबा सहज शिकू शकतात; त्यांनी हातावर ताल धरावा आणि मुलाने त्यावर पढंत करावी. आमच्या घरी हे काम आजोबांकडे होते आणि नातवापेक्षा त्यांचीच लय अधिक पळत असे, तरी त्या गमतीपायी रियाज चुकला नाही. पेटी शिकणाऱ्या मुलाने अलंकार, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या ठरावीक ओळी, म्हणत म्हणत वाजवावेत आणि कोणत्या स्वरावर कोणते बोट हे एकदा ठरले की बदलू नये.

रियाज चालू असताना मधेच चूक दाखवू नये, ते गुरुजींचे काम आहे. संपल्यावर ‘आज कोणता बोल अडला?’ इतकेच विचारावे आणि उत्तर त्याच्या वहीत लिहून पुढच्या वर्गाला गुरुजींपुढे ठेवावे. पाहुणे आले की ‘जरा वाजवून दाखव’ म्हणणे शक्यतो टाळावे. त्यापेक्षा वर्गातल्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची तयारी करून घ्यावी, कारण तिथे ऐकणाऱ्यांना मेहनत कळते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा क्रम प्रारंभिकपासून सुरू होऊन विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्यांचा आहे. परीक्षेने अभ्यासाला शिस्त येते हे खरे, पण दरवर्षी एक पायरी चढलीच पाहिजे असा हट्ट धरला की वर्षभर तेवढेच मोजके ताल घोटले जातात. गुरुजी ‘अजून वर्षभर थांबा’ म्हणाले तर थांबावे. या काळात सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात एखादी मैफल असेल तर मुलाला घेऊन जावे, वादकाचे हात दिसतील अशा जागी बसावे, आणि मध्यंतराला तो पेंगू लागला तर खुशाल घरी परतावे.

पहिल्या दीड-दोन वर्षांत ‘मला नाही शिकायचे’ हे वाक्य एकदा तरी ऐकू येतेच. त्या दिवशी निर्णय घेऊ नये. आधी वाद्य सुरात आहे का ते पाहावे, नंतर गुरुजींना एकांतात विचारून पाठ कुठे अडला ते समजून घ्यावे, आणि आठवडाभर नवे काहीच न देता त्याला चांगले येणारे जुने बोलच वाजवू द्यावेत. तरीही मन रमत नसेल, तर तबल्याऐवजी पेटी किंवा बासरी हवी आहे का, हे त्यालाच विचारावे.