गाठ की गुठळी? हृदयाच्या प्रतिमा वाचायला शिकताना

रेडिओलॉजीच्या एम.डी.ला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला हमखास येतो: हृदयातल्या गाठी इतक्या दुर्मीळ असताना त्यांच्यासाठी वेळ कशाला घालवायचा? प्रश्न रास्त आहे. शवविच्छेदनांच्या आकडेवारीनुसार हृदयातच उगम पावलेली गाठ दहा हजारांत दोघांच्या आसपास सापडते. शरीरात अन्यत्र असलेला कर्करोग हृदयापर्यंत पसरण्याचे प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत खऱ्या गाठी बोटांवर मोजण्याइतक्याच दिसतात. गाठीसारखे दिसणारे काहीतरी मात्र सतत समोर येत राहते, आणि ते गाठ नाही असे ठामपणे लिहिता येण्यासाठीच माझा सर्वाधिक वेळ खर्ची पडला.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निघून मी बेळगावात शिकत होते. दुसऱ्या वर्षी चिकोडीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या इकोमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेल्या हृदयाच्या चित्रात, उजव्या अलिंदाच्या (वरच्या कप्प्याच्या) भिंतीवर उंचवटा दिसला, आणि मी कच्च्या अहवालात ‘गाठीची शक्यता’ असे लिहून टाकले. तो शब्द अहवाल पक्का होण्याआधीच घरच्यांच्या कानावर गेला. फडात उभा असलेला ऊस तसाच सोडून त्यांनी म्हाताऱ्याला मिरजेला न्यायची तयारी केली. दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी एमआरआयची हलती चित्रे पुन्हा लावली आणि तो उंचवटा हृदयाच्या स्नायूसारखाच दिसतो, प्रत्येक ठोक्याबरोबर स्नायूसारखाच आकुंचन पावतो, हे मला दाखवले. ती क्रिस्टा टर्मिनॅलिस होती, म्हणजे प्रत्येकाच्या उजव्या अलिंदात असणारी स्नायूची कड; कोणाची जरा जाड, इतकेच. तेव्हापासून युस्टेशियन झडप, कियारीचे जाळे आणि डाव्या अलिंदातली कुमाडिन रिज या गाठीसारख्या भासणाऱ्या नैसर्गिक रचनांची चित्रे मी वहीत आधी काढली आणि गाठींची नंतर. नवख्यांनीही हाच क्रम ठेवावा, असे माझे मत आहे.

रचना नैसर्गिक नाही एवढे ठरले की पुढचा प्रश्न येतो तो गाठ की गोठलेल्या रक्ताची गुठळी हा. परीक्षेत याचे उत्तर एका ओळीत देता येते, प्रत्यक्षात ते जागेवरून सुरू होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या डाव्या निलयाच्या (खालच्या कप्प्याच्या) टोकाशी, जिथली भिंत हलेनाशी झाली आहे तिथे काही चिकटलेले दिसले, तर ती बहुधा गुठळीच असते. अनियमित ठोक्यांच्या रुग्णात डाव्या अलिंदाच्या कानासारख्या उपांगात दिसले, तरीही तेच. याउलट प्रौढांमधली सर्वांत परिचित सौम्य गाठ, मिक्झोमा, सुमारे तीनचतुर्थांश वेळा डाव्या अलिंदात असते आणि दोन अलिंदांमधल्या पडद्यावर फोसा ओव्हॅलिस या खळगीजवळ देठाने लोंबकळते. म्हणून देठ शोधावा; तो साध्या इकोत सापडला नाही, तर अन्ननलिकेतून केलेल्या इकोत सापडतो. त्यानंतर एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळवणारे औषध शिरेतून द्यायचे. गुठळीत रक्तवाहिन्या नसल्याने ती उजळत नाही, आणि इन्व्हर्जन टाइम (प्रतिमा टिपण्याआधी यंत्रात ठेवलेला अवधी) साधारण ६०० मिलिसेकंदांपर्यंत वाढवून घेतलेल्या प्रतिमेत स्नायू करडा दिसत असतानाही ती कोळशासारखी काळी राहते. मिक्झोमा मात्र ठिकठिकाणी, विस्कळीतपणे उजळतो. फसगत इथेही होते, कारण जुनी गुठळी कडांवर किंचित उजळू शकते. अशा वेळी रक्त पातळ करणारे औषध देऊन काही आठवड्यांनी पुन्हा प्रतिमा घेणे, हे कोणत्याही हुशारीपेक्षा उपयोगी पडते.

आमच्या भागात संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा अजूनही दिसतात, त्यामुळे धाप लागणाऱ्या पन्नाशीच्या बाईला ‘झडप आवळली आहे’ असे समजून औषध चालू असणे नवलाचे नाही. अशीच एक बाई आमच्याकडे आली. कुशीवर वळले की धाप लागते आणि उठून बसले की कमी होते, असे ती स्वतःहून सांगत होती. इकोच्या पडद्यावर डाव्या अलिंदातला गोळा प्रत्येक ठोक्याला झडपेतून निलयात उतरत होता आणि परत वर येत होता, विहिरीत पोहरा खालीवर व्हावा तसा. एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे हृदयावर पहिल्यांदा ध्वनिलहरी टाकल्या, तेव्हा त्यांचे यंत्र धातूतले दोष शोधण्यासाठी बनलेले होते. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत कास्टिंगमधली भेग ज्या तत्त्वाने तपासतात, तेच हे तत्त्व. पुढच्याच वर्षी क्राफूर्ड यांनी स्टॉकहोममध्ये हार्ट-लंग यंत्राच्या मदतीने मिक्झोमा यशस्वीपणे काढला.

इमेजिंग टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. हृदयाच्या एमआरआयमध्ये रुग्णाला पुन्हा पुन्हा दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावा लागतो, आणि तो रोखला गेला नाही तर सगळी प्रतिमा फिसकटते. एकदा मी इंटरकॉमवरून एका आजींना ‘दम धरा’ म्हणाले. आतून उत्तर आले, ‘सकाळधरनं दमच धरून बसलोय की बाई!’ आता मी यंत्राबाहेरच, हात पोटावर ठेवून, ‘श्वास घ्या, सोडा, आता थांबा’ याची तीनदा तालीम करून घेते, आणि गोकाक-हुक्केरीकडच्या माणसांसाठी ‘उसिरु हिडीरी’ म्हणते. कन्नड येत नसेल तर निदान एवढी वाक्ये पहिल्याच आठवड्यात पाठ करावीत.

वय पाहिल्याशिवाय नाव सुचवू नये. लहान मुलांत बहुतेकदा रॅब्डोमायोमा, म्हणजे स्नायूची सौम्य गाठ, असतो. तो एकापेक्षा अधिक असेल तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची चौकशी करावी, आणि तो बहुधा आपोआप लहान होत जातो हे आईबापांना आधी सांगावे. फायब्रोमा, म्हणजे तंतुमय ऊतीची सौम्य गाठ, तसा विरघळत नाही. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या प्रतिमेत तो काळसर आणि गॅडोलिनियमनंतरच्या उशिराच्या प्रतिमेत लख्ख दिसतो. झडपेवरचा छोटा, थरथरणारा पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा (हीही सौम्य गाठच) सीटीत निसटतो, इकोत सापडतो. उजव्या अलिंदात वेडावाकडा, भिंत पोखरणारा गोळा आणि भोवती हृदयावरणात पाणी दिसले, तर अँजिओसार्कोमा या कर्करोगाचा विचार करून त्याच दिवशी फोन करावा. मेंढपाळ घरातल्या रुग्णात पाण्याने भरलेली, कप्पे असलेली पोकळी दिसली, तर फीतकृमीमुळे होणारा हायडॅटिड आठवावा, कारण त्यात सुई घालणे धोक्याचे असते.

कुशीवर धाप लागणाऱ्या त्या बाईची गाठ शस्त्रक्रियेने निघाली आणि पॅथॉलॉजीचा अहवाल मिक्झोमाचाच आला. तो मी स्वतः जाऊन वाचला व माझ्या वहीत आमच्या अहवालाशेजारी उतरवून ठेवला. आम्हा भावंडांचाही इको करावा का, असे तिच्या मुलाने विचारले होते. वय पन्नाशीचे, गाठ एकच, जागा नेहमीची आणि त्वचेवर कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक आजारात असतात तसे काळसर ठिपके नाहीत, हे पाहून मी गरज नाही असे सांगितले. तिचा स्वतःचा इको मात्र दरवर्षी करायला सांगितला आहे.