व्हीएम हलवण्याआधी एफएसटॅब बघा

व्हीएमवेअरवरचं लिनक्स मशीन (व्हीएम, म्हणजे आभासी संगणक) केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) चालणाऱ्या क्लाउडवर नेलं की डिस्कचं नाव बहुधा ‘एसडीए’चं ‘व्हीडीए’ होतं. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) जुनंच नाव राहिलं तर मशीन पूर्ण सुरू न होता इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. मग कन्सोल उघडून एकेक दुरुस्त करत बसा!

त्यापेक्षा हलवण्याआधीच अ‍ॅन्सिबलने (अनेक मशीनवर एकच काम करून देणारं साधन) सगळीकडे एकदम:

1. एफएसटॅबची प्रत ठेवा.
2. ‘एसडी’वाल्या ओळी यूयूआयडीवर (डिस्कचं नाव बदललं तरी न बदलणारा ओळखक्रमांक) आणा. स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) ओळ हमखास राहते. एलव्हीएमच्या (डिस्कच्या जागेला स्वतःची वेगळी नावं देणारी व्यवस्था) ओळींना हात लावू नका, त्या तशाच चालतात.
3. जुन्या जागीच एकदा रीबूट करून बघा.

डेटा डिस्कला ‘नोफेल’ (डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होऊ दे, असा पर्याय) लावायचा मोह होतो. डेटाबेसच्या डिस्कला तो नकोच. डिस्क माउंट झाली नाही तरी डेटाबेस रिकाम्या फोल्डरवर सुरू होऊ शकतो.