पचनसंस्थेवरील वैद्यकीय ग्रंथांना वर्गांक कसे द्यावेत

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोटाच्या विकारांवरची नवी पुस्तके आली, की नवख्याचा हात आधी मुखपृष्ठाकडे जातो, आणि पहिली चूक बहुधा तिथेच होते. ‘कावीळ’ एवढेच नाव पाहून मीही एकदा एक पुस्तक यकृताच्या कप्प्यात लावले होते. आत पाहिले तर सगळा मजकूर विषाणूजन्य हिपॅटायटिसचा, म्हणजे विषाणूंमुळे होणाऱ्या यकृतदाहाचा होता, आणि त्याची जागा संसर्गजन्य रोगांत होती.

येथे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची वर्गीकरण पद्धती गृहीत धरली आहे. तिची तालिका, म्हणजे वर्ग व अंकांची यादी, संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते आणि तिच्यात पचनसंस्थेसाठी ‘डब्ल्यूआय’ हा वर्ग राखलेला आहे.

सर्वप्रथम प्रस्तावना व अनुक्रमणिका वाचून पुस्तकाचा मुख्य विषय एका वाक्यात लिहून काढावा. असे वाक्य जमत नसेल, तर पुस्तक अजून पुरते पाहिलेले नाही असे समजावे.

त्यानंतर अवयव ठरवावा. अन्न ज्या वाटेने खाली उतरते, साधारण त्याच वाटेने या वर्गातील अंक चढत जातात: अन्ननलिका २५०, जठर ३००, आतडी ४००, गुदाशय व गुदद्वार ६००. मग यकृत ७००, पित्ताशय ७५० आणि स्वादुपिंड ८०० असा क्रम लागतो. हा क्रम एकदा डोक्यात बसला, की तालिका उघडण्याआधीच निम्मे काम झालेले असते. एकाच अवयवात न मावणाऱ्या सर्वसाधारण ग्रंथाला डब्ल्यूआय १०० द्यावा.

अवयवाखालोखाल विकार पाहावा, कारण जो अंक विषयाला सर्वांत नेमका लागू पडतो तोच घ्यायचा असतो. जठराच्या कर्करोगावरील ग्रंथ ३०० वर थांबवू नये, त्याला ३२० द्यावा. पेप्टिक अल्सरला ३५०, अपेंडिक्सला ५३५, यकृताच्या सिरोसिसला ७२५, पित्ताशयातील खड्यांना ७५५. ड्युई दशांश ही दुसरी वर्गीकरण पद्धती वापरणाऱ्यांनी येथे जरा जपून असावे. त्या पद्धतीत जठराचे विकार ६१६.३३ मध्ये असले, तरी जठराचा कर्करोग इतर कर्करोगांच्या सोबतीने ६१६.९९४३३ मध्ये जातो, म्हणजे फडताळावर बराच लांब.

खरी कसोटी लागते ती संसर्गजन्य रोगांच्या वेळी. पटकी, विषमज्वर, आमांश हे रोग आतड्यांचे आहेत असे रुग्णालाच काय, वर्गीकरण करणाऱ्यालाही वाटते, परंतु या पद्धतीत जंतू वा विषाणू हे कारण ठरलेले असेल, तर ग्रंथ संसर्गजन्य रोगांच्या ‘डब्ल्यूसी’ वर्गात जातो. त्यामुळे कावीळ या लक्षणाचा सर्वांगीण विचार करणारे पुस्तक डब्ल्यूआय ७०३ मध्ये राहील, पण विषाणूजन्य हिपॅटायटिसवरचे पुस्तक डब्ल्यूसी ५३६ मध्ये जाईल. मधुमेहाचेही तसेच आहे: बिघाड स्वादुपिंडाचा असला तरी त्याची जागा अंतःस्रावी ग्रंथींच्या वर्गात, डब्ल्यूके ८१० येथे आहे. मुलांच्या पचनविकारांवरील सर्वसाधारण ग्रंथ बालरोगांच्या वर्गात, डब्ल्यूएस ३१० येथे ठेवावा.

एका पुस्तकात दोन विषय असतील, तर ज्यावर भर आहे त्याचा अंक द्यावा, आणि भर सारखाच असेल तर आधी आलेल्या विषयाचा. शब्दकोशांना १३ आणि चित्रसंग्रहांना १७ असे स्वरूपानुसार ठरलेले अंक आहेत.

नियतकालिकातील लेखांची गोष्ट निराळी. पुस्तकाला फडताळावर एकच जागा असते, लेखाला मात्र ‘मेश’ या विषयशीर्षकांच्या यादीतून अनेक शीर्षके लावता येतात. या यादीत पचनसंस्थेचे विकार सी०६ या शाखेत आहेत, आणि एकच शीर्षक दोन शाखांत सापडू शकते. विषाणूजन्य हिपॅटायटिस यकृताच्या विकारांतही मिळतो आणि संसर्गांतही. पुस्तकाच्या वेळी जी ओढाताण होते, ती येथे उरत नाही.

वर्गीकरण पद्धतीच्या शब्दसूचीत सापडलेला अंक तालिकेत पडताळल्याशिवाय कधीही लिहू नये, कारण त्याखालच्या सूचनांमध्येच ‘हे येथे नको, तिकडे पाहा’ असे सांगितलेले असते. निर्णय अवघड गेला असेल, तर त्याचे कारण दोन ओळींत वहीत नोंदवावे, म्हणजे त्याच विषयाचे पुढचे पुस्तक वेगळ्या कप्प्यात जाणार नाही.