ऑल व्हील ड्राइव्ह गाडी टो करताना या चुका टाळा

चोर्ला घाटात बंद पडून बेळगावात येणाऱ्या ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाड्यांचं मूळ दुखणं बऱ्याचदा किरकोळ असतं. मोठा खर्च निघतो तो ओढून आणताना झालेल्या नुकसानीचा.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे पुढची चाकं क्रेनला टांगून मागची रस्त्यावर फिरू देणं. फ्रंट व्हील ड्राइव्हला, म्हणजे फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला हे चालतं. इथं मात्र पुढची-मागची चाकं शाफ्टनं जोडलेली असतात. मागची फिरतात, पुढची पट्ट्यात जखडलेली, आणि सगळा ताण मधल्या कपलिंगवर (पुढच्या-मागच्या चाकांमधला जोड) किंवा डिफरन्शियलवर (चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) येतो. व्हिस्कस, म्हणजे द्रवावर चालणारं कपलिंग असेल तर त्यातला सिलिकॉनचा द्रव तापून घट्ट होतो.

कणकुंबीजवळ गोव्याहून परतणाऱ्या एका कुटुंबाची गाडी अशीच थांबली. अल्टरनेटरचा बेल्ट तुटला होता, बाकी काही नाही. क्रेनवाला म्हणाला, "काय होत नाही ओ, हळू नेतो की." जांबोटीच्या आसपास जळका वास सुटला, तरी तसंच पिरनवाडीपर्यंत आणलं. बेल्ट लगेच बदलून झाला. पण गाडी पूर्ण वळवली की मागून धक्के बसायचे. कपलिंगच गेलं होतं. नवं येईपर्यंत गाडी उभी. 'हळू नेतो' ऐकलं की मला संताप येतो. हळू नेल्यानं मागची चाकं फिरायची थांबतात का?

मी फोनवरच विचारतो, "चारही चाकं वर येणार का?" म्हणजे फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर घेणारा सपाट ट्रक), नाहीतर खालच्या चाकांना डॉली (चाकांखाली लावायची छोटी चाकगाडी). दोन्ही नसेल तर ती क्रेन नको. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही महामार्ग हेल्पलाइन लावा, घाटरस्त्यावर इन्शुरन्सचा रोडसाइड असिस्टन्स. दोन तास थांबावं लागलं तर थांबा. नवीन गाडीवाल्यांना हेच जमत नाही. दहा मिनिटांत दोर घेऊन ट्रॅक्टर शोधायला निघतात.

'न्यूट्रलला टाकली की झालं' हेही खोटं. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे आतले भाग कोरडे फिरणार. फ्लॅटबेडवर विंचनं (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानं) चढवण्यापुरतंच न्यूट्रल.

इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बॅटरी पूर्ण उतरण्याआधी सोडवा.

टो हुक, म्हणजे गाडी ओढायला बंपरमध्ये फिरवून बसवायची कडी, शेवटच्या आट्यापर्यंत आवळा. काही गाड्यांत आटे उलटे असतात.

फ्लॅटबेडवर पट्टे चाकांना बांधायचे, सस्पेन्शनच्या आर्मला नाही. हे मी स्वतः वाकून बघतो.

थारसारख्या पार्ट टाइम फोर बाय फोरला (गरजेपुरतीच चारही चाकं जोडणारी गाडी) ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, वेगळा न्यूट्रल असतो. तिचे नियम वेगळे, त्यामुळे आधी डॅशबोर्डच्या कप्प्यातली पुस्तिका काढा, मग लिव्हरला हात लावा.