रेसिडेन्सीला आलात, आता बोर्डाचं बघा

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची एमडी पदरात असली, तरी अमेरिकेत मेडिसिनच्या बोर्डासाठी, म्हणजे स्पेशालिस्ट म्हणून मान्यता देणाऱ्या मंडळासाठी, ती सहसा धरत नाहीत. तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग, नव्याने. तिकडे अख्खा वॉर्ड सांभाळून आलेल्यांना इथे इंटर्न व्हायला जड जातं, पण इलाज नाही.

आपल्याकडे एमडी झाली, कौन्सिलकडे नोंद झाली की विषय संपला. इथे लायसन्स राज्य देतं आणि ते स्पेशालिटीपुरतं नसतं. तुम्ही मेडिसिनवाले आहात यावर शिक्का मारतं अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन, १९३६ पासूनचं. कायद्याने हा शिक्का ऐच्छिक आहे. बहुतेक हॉस्पिटलं आणि इन्शुरन्सवाले मात्र तो मागतातच, तेव्हा ऐच्छिक वगैरे विसरा.

परीक्षा ऑगस्टमध्ये, एका दिवसाची, जास्तीत जास्त २४० प्रश्न. रेसिडेन्सीत दरवर्षी होणारी सरावाची इन-ट्रेनिंग परीक्षा मनावर घेतलीत तर आपण कुठे आहोत ते आधीच कळतं. सर्जरीवाल्यांना लेखीनंतर तोंडीही असते, बिचारे.

खरा घोळ होतो रजेत. बोर्ड वर्षाला ३५ दिवसांची गैरहजेरी चालवून घेतं. सुट्टी, आजारपण, बाळंतपण सगळं त्यातच. बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलात आणि व्हिसाच्या स्टॅम्पिंगला पासपोर्ट अडकला, तर जादाचे दिवस शेवटी भरून द्यायची वेळ येते. प्रोग्राम डायरेक्टरनी, म्हणजे तुमच्या रेसिडेन्सीच्या प्रमुखांनी, शब्द टाकला तर थोडी सूट मिळते, पण ती धरून चालू नका. ३० जूनला संपणारं ट्रेनिंग ३१ ऑगस्टच्या पुढे गेलं की त्या वर्षीची परीक्षा हुकली. म्हणून तिकीट काढण्याआधी किती दिवस शिल्लक आहेत ते कोऑर्डिनेटरकडून ईमेलवर घ्या. कॉरिडॉरमधल्या ‘नो प्रॉब्लेम’वर विसंबू नका.

प्रोग्राम डायरेक्टरशी संबंध नीट ठेवा हेही त्यात आलंच. तुम्ही रुग्ण सांभाळायला सक्षम आहात असं त्यांनी बोर्डाला कळवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

नापास झालात तर आभाळ कोसळत नाही. ट्रेनिंगनंतर ७ वर्षं ‘बोर्ड एलिजिबल’, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला पात्र, म्हणवता येतं. मात्र नोकरीच्या करारात पास व्हायला किती मुदत दिली आहे ते वाचा, ती बहुधा याहून बरीच कमी असते.

पास झाल्यावरही पाठ सुटत नाही. शिक्का टिकवायला एक तर दर १० वर्षांनी परीक्षा, नाहीतर दर तिमाहीला ३० प्रश्न, प्रत्येकी ४ मिनिटं, संदर्भ उघडून बघायची मुभा. मी दुसरा मार्ग धरलाय. रोज दोन-चार सोडवले तर जाणवतही नाही. नाइट ड्यूटीवरून आल्या आल्या मात्र बसू नका.