टेन थाउजंड आयलंड्स: भरती-ओहोटीच्या हिशेबाने आखायची तीन दिवसांची होडीची सफर

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य टोकाला एव्हरग्लेड्सचे गोडे पाणी मेक्सिकोच्या आखाताला मिळते, आणि तिथे खारफुटीच्या बेटांचा एक दाट, गुंतागुंतीचा पट्टा तयार झाला आहे. त्याला टेन थाउजंड आयलंड्स म्हणतात. नावात दहा हजार असले तरी प्रत्यक्षात बेटे काही शेकड्यांच्या घरात आहेत, मात्र वल्हवताना प्रत्येक वळण आधीच्या वळणासारखेच दिसत असल्याने नाव खोटे वाटत नाही. या पट्ट्याचा मोठा भाग एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात येतो. १९४७ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी याच किनाऱ्यावरच्या एव्हरग्लेड्स सिटी या छोट्या गावात उद्यानाचे लोकार्पण केले, आणि १९७९ मध्ये हे उद्यान जागतिक वारसा यादीत गेले. इथून दक्षिणेला फ्लेमिंगो या ठिकाणापर्यंत १५९ किलोमीटरचा खुणा लावलेला जलमार्ग जातो. तो वल्हवत पार करायला आठ-नऊ दिवस लागतात. पहिल्यांदा येणाऱ्याने मात्र बाहेरच्या बेटांवर दोन रात्री आणि तीन दिवस एवढाच बेत करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे मार्गदर्शन त्याच बेताचे आहे.

हंगाम आणि परवाना

डिसेंबर ते मार्च हा खरा काळ. उन्हाळ्यात डास, उकाडा आणि रोजची वादळे यांमुळे मुक्काम असह्य होतो, शिवाय जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. रात्रीच्या मुक्कामासाठी उद्यानाचा परवाना लागतो आणि त्यात प्रत्येक रात्रीची जागा ठरलेली असते. तो रिक्रिएशन डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. डिसेंबरच्या सुट्ट्यांत सोयीच्या जागा लवकर भरतात, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी जागा पाहाव्यात.

मुक्कामाच्या जागा तीन प्रकारच्या आहेत. बाहेरच्या बेटांवर पुळणीच्या जागा, आतल्या नद्यांकाठी जमिनीवरच्या जागा, आणि जिथे कोरडी जमीनच नाही तिथे ‘चिकी’, म्हणजे पाण्यात खांबांवर उभारलेला छपराचा लाकडी माच. फ्लोरिडातल्या आदिवासी सेमिनोल लोकांच्या घराच्या नावावरून हा शब्द आला आहे. चिकीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, त्यामुळे स्वतःच्या आधारावर उभा राहणारा तंबू लागतो. पहिल्या खेपेला टायगर की, पिकनिक की किंवा रॅबिट की (‘की’ म्हणजे लहान बेट) यांपैकी पुळणीची जागा निवडावी. होडी वाळूवर ओढून घेता येते आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा असते.

भरतीचे वेळापत्रक आधी, नकाशा नंतर

या पाण्यात किलोमीटर मोजून दिवस आखणारा माणूस हमखास अडकतो. एव्हरग्लेड्स सिटीसमोरचा चोकोलस्की उपसागर अतिशय उथळ आहे आणि ओहोटीला त्याचे मोठे भाग चिखल व कालवांच्या धारदार खडकांनी भरून जातात. उलट बेटांमधल्या इंडियन की पाससारख्या खिंडींत प्रवाह इतका जोराचा असतो की त्याच्या विरुद्ध वल्हे मारून माणूस थकतो आणि किनारा जिथल्या तिथे राहतो. म्हणून नियम एकच: जाताना ओहोटीबरोबर बाहेर पडायचे, येताना भरतीबरोबर आत यायचे. भरती सकाळी नऊला पूर्ण होत असेल तर सामान साडेआठला होडीत भरलेले असावे आणि पाणी उतरू लागताच निघावे.

कोकणात खाडीकाठी वाढलेल्यांना हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचे भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, यांचा अंदाज भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तिथीवरूनही येतो, आणि नवख्याने शक्य तर भांगाचे दिवस धरावेत, कारण तेव्हा प्रवाह सौम्य असतात. नेमक्या वेळा मात्र अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या, म्हणजे नोआच्या, तक्त्यावरूनच घ्याव्यात. तिथे एक गोष्ट नीट पाहावी: तक्ता कोणत्या ठिकाणचा आहे? बाहेरच्या बेटांवर भरती पूर्ण झाल्यावर गावाजवळ ती तासाभराहून अधिक उशिराने पूर्ण होते, आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात.

तक्त्यात नसलेली आणखी एक गोष्ट वारा करतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की तो वारा उपसागरातले पाणी आखाताकडे ढकलतो आणि ओहोटी तक्त्यापेक्षा बरीच खाली जाते. माझ्या दुसऱ्या सफरीत मी तक्त्यावर विसंबून परतीला निघालो आणि गावाचे दिवे समोर दिसत असताना कयाक, म्हणजे माझी अरुंद वल्ह्याची होडी, चिखलात बसली. उतरून ढकलावी म्हटले तर पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि एका कालवाने बुटाचा तळ चिरला. शेवटी होडीत बसून दोन तास पाण्याची वाट पाहावी लागली. तेव्हापासून वाऱ्याचा अंदाज पाहिल्याशिवाय मी निघायची वेळ ठरवत नाही, आणि जाड तळाचे बंद बूट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवत नाही.

पिण्याचे पाणी

बेटांवर गोडे पाणी अजिबात नाही. माणशी रोज किमान चार लिटर धरावे आणि एका दिवसाचे जास्त घ्यावे, कारण वारा फिरला तर परतणे लांबते. पाणी कशात न्यायचे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. या बेटांवरच्या रॅकून या निशाचर प्राण्यांनाही गोड्या पाण्याची तहान असते आणि पातळ प्लास्टिकचे कॅन ते सहज कुरतडतात. रात्री तंबूबाहेर बारीक करकर ऐकू येते, मग क्षणभर शांतता, आणि सकाळी वाळूवर ओला डाग व तळाशी चार दातांची भोके असलेला रिकामा कॅन. पाणी आणि अन्न दोन्ही घट्ट झाकणाच्या टणक डब्यांत ठेवावे.

अन्नही पाणी कमी लागणारे निवडावे. डाळ-भाताला शिजवायला आणि भांडी धुवायला पाणी जाते. त्यापेक्षा दशम्या, मेतकूट, सातूचे पीठ, भडंग असे पदार्थ अमेरिकेतल्या मराठी घरांत असतातच, ते इथे उत्तम चालतात. स्वयंपाकाला गॅसची लहान शेगडी घ्यावी. विस्तव फक्त पुळणीच्या जागांवर, भरतीच्या रेषेखाली पेटवता येतो.

वाट शोधणे

भ्रमणध्वनीची रेंज गृहीत धरू नये. जलरोधक सागरी नकाशा, होकायंत्र आणि जीपीएस तिन्ही जवळ असावेत, आणि नकाशा पिशवीत नव्हे तर मांडीवर असावा. प्रत्येक बेट ओलांडले की नकाशावर हाताचे बोट पुढे सरकवत राहावे. एकदा नकाशावरची जागा हातातून सुटली की खारफुटीच्या भिंतींत ती पुन्हा सापडणे फार कठीण जाते. तासाला तीन-चार किलोमीटर हा सामानासह वास्तव वेग आहे. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो, त्यामुळे दुपारी तीनपर्यंत मुक्कामावर पोहोचावे. जीवरक्षक जाकीट अंगावर असू द्यावे, शिट्टी त्यालाच बांधावी, आणि परवान्यावरचा मार्ग व परतीची वेळ किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून द्यावी. वाळूमाश्यांसारखे अतिसूक्ष्म चावरे कीटक संध्याकाळी वारा पडताच येतात. साध्या मच्छरदाणीतून ते आत शिरतात, म्हणून तंबूची जाळी बारीक विणीचीच हवी.

मासेमारी

सोळा वर्षे पूर्ण झालेल्या बहुतेकांना फ्लोरिडाचा खाऱ्या पाण्याचा मासेमारी परवाना लागतो. बाहेरून आलेल्यांसाठी तीन आणि सात दिवसांचे परवाने मिळतात. गळाला मुख्यतः रेडफिश, ठिपक्यांचा ट्राउट, शीप्सहेड आणि मँग्रोव्ह स्नॅपर लागतो. हा स्नॅपर आपल्या तांबोशीच्याच कुळातला आहे आणि तांबोशीसारखाच खारफुटीच्या मुळांशी दबून असतो. पाणी उतरू लागले की लहान मासे आणि कोळंबी मुळांतून बाहेर ओढली जाते. अशा वेळी ओहळाच्या तोंडाशी, कालवांच्या खडकाच्या कडेला कोळंबीचे आमिष टाकावे.

स्नूक हा इथला सर्वांत मानाचा मासा, ठेवणीने काहीसा जिताड्यासारखा. पण हिवाळ्यात या किनाऱ्यावर तो ठेवायला बंदी असते, आणि बऱ्याच माशांना किमान व कमाल अशा दोन्ही लांबीच्या मर्यादा आहेत, म्हणजे फार मोठा मासाही सोडावाच लागतो. हे नियम बदलतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात राज्याच्या संकेतस्थळावर पाहून मापपट्टी सोबत घ्यावी. उद्यानात मासा कापून त्याचे तुकडे बाहेर नेता येत नाहीत. मुक्कामाच्या जागी लगेच खायचा असेल तरच तो साफ करता येतो. एव्हरग्लेड्सच्या काही माशांत पारा आढळतो, तेव्हा गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी राज्याच्या आरोग्य-सूचना वाचूनच मासा ताटात घ्यावा. पकडलेला मासा दोरीला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवणे मात्र पूर्ण टाळावे. मगर आणि ॲलिगेटर दोन्ही निसर्गात एकत्र राहतात असा हा जगातला एकमेव प्रदेश आहे, बेटांच्या कडेला शार्कही फिरतात, आणि माणसाजवळ आयते अन्न मिळते हे त्यांना एकदा कळले की पुढच्या प्रवाशाला धोका होतो.

परत येताना

तिसऱ्या दिवशी कचरा, गळाच्या दोऱ्यांचे तुकडे आणि रिकामे कॅन मोजून होडीत भरावेत. टाकून दिलेल्या दोऱ्यांत पाणकोळी आणि बगळे अडकून मरतात. भरती सुरू झाल्यावर निघावे आणि उपसागर ओलांडताना पाणी पूर्ण चढत आलेले असेल असा वेळ धरावा. किनाऱ्याला लागल्यावर पहिला फोन मार्ग लिहून दिलेल्या माणसाला करावा, मग रील, चाके आणि तंबूच्या चेन गोड्या पाण्याने धुवाव्यात, कारण एका रात्रीत मीठ त्यांना धरते.